कर्ण्यातली टिचकी

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते नाथाजी माझे चुलत आजोबा, आणि ते थापा मारणाऱ्यातले नव्हते. थापा मारायलाही माणसाच्या अंगात थोडा उत्साह लागतो. तो त्यांच्यात लढाईनंतर उरलाच नव्हता.

साल सेहेचाळीस. वैशाख महिना. पाटणच्या वरच्या अंगाला कोयनाकाठी एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं नांदतात.

आणि रात्र नव्हती, हेही आधीच सांगतो. अमावस्या नाही, मसणवट नाही. उन्हं कलली होती, मांडव माणसांनी भरला होता, चुलीवर भात शिजत होता.

सगळ्यांच्या देखत झालं. पण काय झालं ते कळलं फक्त दोघांना.

नाथाजी पलटणीत टेलिफोनच्या तारा ओढायचे. ब्रह्मदेशच्या जंगलात. तारेच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला त्यांचा जोडीदार कृष्णात. तो याच वाडीतला. तार जोडून झाली की नाथाजी फोनमध्ये म्हणायचे, "कृष्णात, ऐकतोस का रं?" पलीकडून शब्द यायचा नाही. शत्रू जवळ असला की बोलायची सोय नसे. कृष्णात फोनच्या तोंडावर नखानं टिचकी मारायचा.

एक टिचकी म्हणजे ऐकतोय.

दोन म्हणजे आता ठेवतो.

एक दिवस तार तुटली. कृष्णात ती जोडायला पुढं गेला. नाथाजी या टोकाला फोन कानाशी धरून बसले आणि हाका मारत राहिले. तारेतून नुसती घुंई येत होती...

टिचकी आली नाही. एकही नाही.

कृष्णात सापडलाच नाही. घरी 'बेपत्ता' एवढंच कळवलं गेलं. मेला म्हटलं तर रडता येतं, आहे म्हटलं तर वाट बघता येते. बेपत्ता माणसाचं घरच्यांनी काय करायचं, हे मात्र कुणी कळवलं नाही.

लढाई संपली. नाथाजींनी कराडात एक खोली घेतली आणि रेडिओ दुरुस्त करायला बसले. सांगलीच्या बाजारात तेव्हा लष्कराचा मोडीचा माल ढिगानं यायचा. त्यातून व्हॉल्व्ह म्हणून काचेचे दिवे असतात ते, तारा, पत्र्याची पेटी असं एकेक आणून त्यांनी लाऊडस्पीकर जुळवला. गरिबाचं मशीन ते. आवाज दणदणीत, पण मागं सतत घुंई. व्हॉल्व्ह बदलून, तारा इकडच्या तिकडं करून ते ती कशीबशी दाबायचे. तिच्यापायी जीव मेटाकुटीला आला होता. दिवसा घुंई, झोपेत घुंई. यातली पेटीची कुठली आणि जंगलातल्या तारेची कुठली, हेही कधीकधी त्यांना उमगत नसे.

एक सवय तेवढी सुटली नव्हती. माइक तपासताना बाकीचे लोक आकडे मोजतात, हॅलो हॅलो करतात. नाथाजींच्या तोंडून निघायचं, "कृष्णात, ऐकतोस का रं?" इतर गावांत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. कोण कृष्णात, कुणाला पडलीय?

पण या वाडीत...

लग्न कृष्णातच्या धाकट्या भावाचं होतं, अर्जुनाचं. आई बयाबाईनं निरोप धाडला, कर्णा घेऊन ये. नाथाजींना अजिबात जायचं नव्हतं. त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं? पण नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. ते गेले.

मांडवाशेजारच्या जांभळीवर कर्णा टांगला. वीज करायचं पेट्रोलचं छोटं इंजिन पार लांब परड्यात ठेवलं, म्हणजे त्याची भडभड मांडवात नको. पेटी गोठ्याच्या वळचणीला पोत्यावर मांडली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले.

घुंई सुरू झाली.

पण नेहमीची नव्हती. नेहमीची एका सुरात चालते. ही मधेच खाली जायची... आणि दम घेऊन परत वर यायची.

नाथाजींनी अर्थिंगसाठी लोखंडी सळई जमिनीत ठोकली, तिच्यावर मिठाचं पाणी ओतलं, पेटीची तार तिला बांधली. फरक नाही. माइकची तार इंजिनाच्या तारेपासून लांब नेली. फरक नाही. मग व्हॉल्व्ह बदलायला घेतले. फडक्यात धरून एकेक गरम व्हॉल्व्ह उपसायचा, पिशवीतला दुसरा बसवायचा, तो तापेपर्यंत बसून राहायचं. सगळे बदलून झाले, घुंई तशीच. पुन्हा जुने बसवले, तरी तशीच. सदरा घामानं चिंब झाला आणि त्यांनी हात टेकले.

तिकडं मांडवात वेगळीच बोलाबोली सुरू झाली होती.

त्या घरात नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान थोरल्या भावजयीचा. थोरली भावजय म्हणजे कृष्णातची बायको तानुबाई. ती हळदीची वाटी घेऊन उभी होती. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा. आणि तिच्या वाटेत आत्या रंगूबाई उभी होती.

रंगूबाई काही मनानं वाईट नव्हती. तिला पोराच्या संसाराची काळजी होती. जिचा नवरा आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिचा हात पहिल्या हळदीला कसा लागू द्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. बयाबाई एकच सांगत होती की माझा लेक आहे. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. तानुबाई वाटी खाली ठेवायला तयार नव्हती. ठेवली असती तर त्या क्षणी ती विधवा ठरली असती, कुणी तोंडानं काही न म्हणता.

शेवटी ती वाटी घेऊन तडक नाथाजींकडं आली.

"भावजी, शेवटचं तुमीच त्यांच्याबरूबर हुता. हायती का न्हाईत?"

"म्या हाका मारल्या, वहिनी. जबाब आला न्हाई. मला एवढंच ठावं हाय."

"मंजी तुमालाबी ठावं न्हाई."

"न्हाई."

ती तिथंच उभी राहिली. नाथाजींना तिच्याकडं बघवेना. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी माइक हातात घेतला, आणि थकल्या माणसाच्या तोंडून जे सवयीनं निघतं ते निघून गेलं.

"कृष्णात, ऐकतोस का रं?"

ते कर्ण्यातून सगळ्या वाडीवर गेलं. बयाबाईनं पदर तोंडाला लावला. आपण काय केलं हे नाथाजींना उमगलं.

तेवढ्यात...

घुंई थांबली.

नाथाजींनी ही खूण ओळखली. फोनवर असंच व्हायचं. पलीकडच्यानं फोन उचलला की तारेतली घुंई दबायची. कुणीतरी कान लावून बसलंय, हे त्यावरून कळायचं.

थोडा वेळ काहीच नाही. मग घुंई परत आली.

बास, हे बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं. पण हाताला दुरुस्तीचं वळण पडलेलं. दोष हुडकायची त्यांची एक रीत होती. माइककडून सुरुवात करायची आणि एकेक व्हॉल्व्ह उपटत जायचं. घुंई ज्याच्यापाशी थांबेल, तिथवर दोष. कुठंतरी ती थांबतेच.

पहिला उपटला. घुंई होती.

दुसरा उपटला. होती.

कर्ण्याला जोर देणारा मोठा व्हॉल्व्ह उपटला. आता कर्ण्याकडं आवाज जायला वाटच उरली नव्हती.

तरी होती...

शेवटचा राहिलेलाही काढला. बटण बंद केलं. परड्यात जाऊन इंजिन बंद केलं आणि धापा टाकत परत आले.

इंजिन गप्प. पेटी रिकामी. सगळे व्हॉल्व्ह पोत्यावर पडलेले.

आणि वर जांभळीत कर्णा... घुंऽऽऽ.

तानुबाई हे सगळं बघत होती. व्हॉल्व्ह म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पण पेटीतले दिवे काढून ठेवलेत आणि ते विझलेत, हे तिला दिसत होतं.

मांडवातून रंगूबाईचा आवाज आला. "तानू, आदी नाव घे. घेतलंस तर खुशाल लाव हळद."

बाई एरवी नवऱ्याचं नाव ओठावर आणत नाही. लग्नकार्यात सवाष्णी घेतात, उखाण्यात गुंफून. विधवेला तो हक्क नाही. सगळ्या भावकीसमोर या पोरीची जीभ रेटणार नाही, असा रंगूबाईचा हिशेब होता.

तानुबाईनं नाथाजींच्या हातातला माइक घेतला. उखाणा म्हटला. साधाच होता, चारचौघी म्हणतात तसला. शेवटी नाव आलं, कृष्णातरावांचं.

माइकमध्ये जीव नव्हता. तरी तिचा आवाज कर्ण्यातून निघाला आणि नदीपलीकडच्या डोंगरावर जाऊन आपटला.

घुंई थांबली.

या खेपेला लगेच परत आली नाही. सगळा मांडव वर कर्ण्याकडं बघत होता.

मग...

टक्.

नखानं पत्र्यावर मारावी तशी. एकच टिचकी.

नाथाजी दुसरीची वाट बघत राहिले. दुसरी आली नाही. घुंई पुन्हा चालू झाली, पहिल्यासारखी, दम घेत घेत.

तानुबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ओळखलं.

"काय म्हनले?"

"ऐकतोय म्हनला."

"कुठनं?"

दोघांनीही पोत्यावरच्या व्हॉल्व्हकडं बघितलं. असल्या वाटेनं ऐकणारा माणूस कुठं असतो, ते नाथाजींच्या तोंडून निघालं नाही, आणि तिनं परत विचारलं नाही.

ती मांडवात गेली. पहिली हळद तिनंच लावली. रंगूबाई बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी नाथाजी कर्णा उतरवायला जांभळीवर चढू लागले, तर तानुबाई बुंध्याशी येऊन उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या भावजी. ऐकत्यात न्हवं?"

ते बिनकर्ण्याची पेटी घेऊन कराडला आले. दुसरा कर्णा घेतला, धंदा चालू ठेवला. पोटाला लागतंच.

वाडीला त्यांचं अधूनमधून जाणं व्हायचं. लोक म्हणायचे, वारा शिरतो कर्ण्यात, म्हणून घुमतो. नाथाजी मान हलवायचे. वाद घालायचा त्यांना कंटाळा होता. वारा पडलेला असतानाही ते ऐकत होते. तानुबाई जांभळीखाली बसून धान्य पाखडायची आणि कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बांध फुटला, हे हलक्या आवाजात वर सांगत राहायची. लोकांना त्याचीही सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

एकोणपन्नासच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. तीनचार दिवसांचा ताप, वैद्याला आणेपर्यंत संपलंसुद्धा.

कळलं तसे नाथाजी गेले. अंगणात तिला सवाष्णीसारखं सजवलं होतं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा. कपाळभर कुंकू लावत होती ती रंगूबाई, आणि लावता लावता हुंदके देऊन रडत होती. पाऊस थोडा उघडला होता. जांभळीत घुंई चालू होती.

तिला उचलायला माणसं वाकली...

टक्.

कुणी लक्ष दिलं नाही. पानावरचं पाणी पडलं असेल.

नाथाजींनी मान वर केली. त्यांनी मनातल्या मनात वाट बघितली. एवढी वर्षं बघतच होते.

टक्.

दुसरी.

पण त्या दुसऱ्या टिचकीबरोबर... बांगड्या किणकिणल्या. वर, कर्ण्यात.

नाथाजींनी झटकन तिच्या हातांकडं बघितलं. ते छातीवर बांधलेले होते, चुड्यासकट. हलले नव्हते.

घुंई थांबली. कोयनेच्या पाण्याचा आवाज त्या अंगणात ऐकू येतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घुंई परत कधीच आली नाही. पेटीत नाही, कानात नाही, झोपेत नाही. झोप मात्र त्यांना तरीही लागायची नाही.

हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं. ती दुसरी टिचकी कुणी मारली, असं मी विचारलं. ते कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडले.

लाऊडस्पीकरचा धंदा आमच्या घरात अजून आहे. माइक तपासताना आम्ही आकडे मोजतो. कुणाचं नाव घेत नाही.