रिकाम्या खुर्चीची हजेरी

लॅपटॉप चौथ्यांदा जागा झाला आणि चौथ्यांदा गोठला. पडद्यावर तापमानाचा आकडा उमटला, बाण अर्ध्यात थबकला, आणि मग बोटं आपटा नाहीतर डोकं, ढिम्म हलेना.

"बंद करून चालू करू या?" डॉ. वृंदा चित्रेनं विचारलं.

"आणि त्याच्या पोटात जे आहे त्याचं काय?" हुसेन तांबोळी मान वर न करता म्हणाला. शीतनिद्रा प्रयोगशाळेतलं प्रत्येक यंत्र त्याच्या हाताखालून गेलेलं.

वृंदाला का ठाऊक नव्हतं? पद्धत तिचीच. रुग्णाला शीतनिद्रेत पाठवताना त्याच्या मेंदूची त्या क्षणाची स्थिती लॅपटॉपच्या स्मृतीत धरायची आणि मग लॅपटॉपही तसाच झोपवायचा. बंद केला की सगळं पुसलं. आणि समोर काचेच्या पेटीत तिचे वडील होते. यकृतावरच्या ज्या औषधासाठी नंदकुमार चित्रे चार वर्षं झोपले, ते आता हाती आलं होतं. पेटी उबेला लागली होती. पंचवीस मिनिटांत त्यांचा श्वास आपला आपण सुरू व्हायला हवा. नाही झाला, तर पुन्हा गोठवायची सोय नव्हती.

"झोपताना यंत्र यादी करतं," तांबोळी म्हणाला. "काय काय जोडलेलं आहे त्याची. उठलं की हजेरी घेतं. एकानं जरी ओ दिली नाही, तरी वाट बघत बसतं."

"किती वेळ?"

"आपण सांगू तितका. आपण सांगितलंच नव्हतं." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "डॉक्टर, इथून काही काढलंय का?"

काढलं होतं. आईची खुर्ची, आणि त्या खुर्चीच्या हातावर बसवलेला मायक्रोफोन. बाबांना झोपवलं तेव्हा आई त्याच खुर्चीत होती. गेल्या वर्षी ती गेली. बाबांना उठल्या उठल्या धक्का नको, म्हणून वृंदानं खुर्ची हलवली, फोटो हलवला, चष्म्याची डबीसुद्धा हलवली आणि सगळ्यांना बजावलं, कुणी अवाक्षर काढायचं नाही. आजारी माणसापासून वाईट बातमी लपवायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मायक्रोफोन तर कधीच मोडीत गेला होता.

"मग त्याचं नाव कमी करू," तांबोळी म्हणाला. "तो आता नाही, एवढंच यंत्राला सांगायचं." दुसऱ्या संगणकाची वायर लावून त्यानं यादीतली एक ओळ खोडली. बाण सरकला, आकडे धावायला लागले.

बाबांनी डोळे उघडले आणि तिथंच थांबले.

पापणी लवेना. पडद्यावर मेंदूची एकच लाट चढे, पडे, पुन्हा तीच चढे. नजर खुर्चीच्या रिकाम्या जागेवर. नऊ मिनिटं उरली होती.

"काहीतरी विचारतायत," तांबोळी हळूच म्हणाला. "उत्तर येत नाहीये."

काय विचारतायत ते वृंदाला कळलं. चाळीस वर्षं दिवा मालवला की बाबा विचारायचे, "ऐकलंस का?" आणि अंधारातून आई म्हणायची, "हं." मगच त्यांना झोप लागायची. चार वर्षांपूर्वी पेटीतही मायक्रोफोनमधून आईचं "हं" ऐकूनच ते झोपले होते.

तिनं काच उघडली आणि आईच्या सुरात म्हणून पाहिलं, "हं."

लाट होती तशीच. चाळीस वर्षांच्या कानाला कोण फसवणार? चार मिनिटं.

"यंत्राला सांगितलं तसं सांगा," तांबोळी म्हणाला.

"धक्क्यानं जातील हो ते."

"वाट बघूनही जातीलच, डॉक्टर."

वृंदानं बाबांचा हात हातात घेतला. तो अजून गारच होता. "बाबा, आई ऐकत नाहीये. आई गेली. गेल्या माघात. तुम्ही झोपला होतात."

लाट पडली आणि परत चढलीच नाही. सरळ रेघेकडे बघताना वृंदाला वाटलं, आपण आपल्या हातानं बापाला मारलं.

मग बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. छाती भरली; पहिला श्वास आणि पहिला हुंदका एकच होता. पडद्यावर शंभर लाटा एकदम उठल्या.

बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले. "खुर्ची कुठाय तिची?"

"मी काढली, बाबा."

"आणून ठेव."