अकरावं कलम

खिंडीपलीकडच्या हिमतळ्याचा फोटो काढायचा आणि हौशी प्रवाशांच्या छायाचित्रस्पर्धेची अंतिम फेरी जिंकायची, एवढ्यासाठी आम्ही दोघे भाऊ निघालो होतो. दादा शिंपी, मी गॅरेजवाला. पहिल्या फेरीत त्याने वहिनीचा फोटो पाठवला होता. दोरपुलावर उभी राहून ती खळखळून हसतेय, असा. त्यानंतर वर्षभरातच ती गेली.

"जिंकणाऱ्याचे सगळे फोटो स्पर्धेच्या पुस्तकात छापतात. जिंकलो तर तीही छापून येईल," हे दादाचं पालुपद.

तिसऱ्या दिवशी दुपारी वादळाने गाठलं. दादाचा पाय घसरला! आम्हा दोघांना बांधलेला दोर ताणला गेला! खाली दरी, आणि हा शहाणा लोंबकळत ओरडतोय, "आधी कॅमेरा घे!"

"कॅमेरा गेला खड्ड्यात! हात दे!"

कसाबसा ओढून त्याला कपारीत कोंबला. बोटं बधिर, बिस्किटं संपलेली. ओल लागू नये म्हणून दादाने कॅमेऱ्याला स्पर्धेच्या नियमांचा कागद गुंडाळला होता. वेळ जाईना, म्हणून मी तो मोठ्याने वाचत सुटलो आणि अकराव्या कलमाशी अडखळलो. पाठवलेला प्रत्येक फोटो, जिंको वा हरो, कायमचा आयोजकांचा. ते तो हवा तिथे वापरणार, हव्या त्याला विकणार. काढणाऱ्याचा त्यावर काही हक्क नाही.

"दादा, हे वाचलं नव्हतंस?"

"लांबी-रुंदी वाचली रे. दोनदा." शिंपीच तो! मापं तपासली आणि खाली सही ठोकली.

त्याने कागद माझ्या हातातून ओढून ते कलम स्वतः वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे ती आता त्यांची?"

मी कागद त्याच्याकडून घेऊन पुन्हा कॅमेऱ्याला गुंडाळला.

सकाळी वादळ ओसरलं. तासाभरात तळं दिसलं. निळंशार, काठाला बर्फ, पाण्यात अख्खा डोंगर उलटा. दादाने एकच फोटो काढला.

"हा नाही पाठवायचा," एवढंच बोलला. आम्ही उतरायला लागलो.

दोन दिवसांनी लंगडत बसस्टँडवर पोचलो आणि दादा जागीच थबकला. समोर भला मोठा फलक! वहिनी हसत होती. दोरपूल कापून टाकला होता आणि खाली गिर्यारोहणाच्या बुटांची जाहिरात होती. बिचारीने जन्मभर साध्या चपला घातल्या.

दादाने कॅमेरा डोळ्याला लावला. मग हळूच खाली घेतला.

"हिचा फोटो काढायला," त्याने मला विचारलं, "आता कुणाची परवानगी घ्यायची रे?"