रिकाम्या पिकअपमागचे बारा फूट

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेली आहे. लिहून झाल्यावर मी ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी फक्त दोन गोष्टी काढायला लावल्या, गाडीचा नंबर आणि रस्त्याचं नाव.

बाकी सगळं जसंच्या तसं.

विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं.

भाऊजी इलेक्ट्रिशियन आहेत. शिवाय जनरेटर भाड्याने देतात. भूतखेत या विषयाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. वीज गेली की बाकीचे मेणबत्ती शोधतात, हे पक्कड शोधतात. ताई म्हणायची, ह्यांना एखादं भूत भेटलंच तर हे आधी त्याचं अर्थिंग तपासतील.

आता ती असं म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. मंगळवार, दुपारचे साडेतीन. घराच्या बाजूचं पत्र्याचं शेड. लख्ख उजेड, समोर रस्त्यावर वर्दळ. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, काही नव्हतं.

त्याच आठवड्यात भाऊजींनी एक जुनी पिकअप घेतली होती. इंजिन ठणठणीत. पण कंपनीतून येतानाच ट्रेलर ओढायची काही सोय नसलेलं मॉडेल. मागे हुक नाही, ट्रेलरच्या दिव्यांसाठी सॉकेट नाही. आणि भाऊजींना तर जनरेटरचा ट्रेलर ओढायचा होता. हुक वेल्डरने बसवून दिला. वायरिंग मात्र दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे सुताराने खुर्ची विकत आणण्यासारखं, म्हणून ते स्वतःच गाडीमागे बैठक मारून बसले.

काम तसं सोपं. ट्रेलरला स्वतःचे दिवे असतात, पण ते कधी लागायचे हे गाडी ठरवते. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलरचाही ब्रेकलाइट लागला पाहिजे. गाडीने डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचाही. त्यासाठी गाडीच्या मागच्या दिव्यांतून वायरी काढून सॉकेटपर्यंत आणायच्या. ट्रेलरचा प्लग त्यात बसतो. एवढंच.

भाऊजींनी मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढले, दिवा बाहेर ओढला, आत बोटं घातली.

आणि थांबले.

आत आधीच पाच वायरी होत्या... कुणीतरी जोडलेल्या, आणि मग कापलेल्या.

म्हणजे हेच काम आधी कुणीतरी केलं होतं आणि नंतर मोडलं होतं. त्यात नवल नाही. नवल टेपचं होतं. कापलेल्या टोकाला टेपचे दोन वेढे पुरतात. इथे प्रत्येक टोकावर वीस-पंचवीस वेढे. एकेक टोक अंगठ्याएवढं जाड झालेलं.

भाऊजींना वाटलं, कुणी भित्रा माणूस असेल, शॉर्ट होईल म्हणून घाबरला असेल. आपल्याला तर आयतंच काम मिळालं. त्यांनी टेप सोलली, वायरी जोडल्या, नवं सॉकेट बसवलं.

शेवटी डॅशबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा लावला. हा त्यांचा नेहमीचा शहाणपणा. मागे ट्रेलर असेल आणि त्याचा बल्ब लागत असेल, तरच इंडिकेटर दिल्यावर तो हिरवा दिवा मिचमिचतो. मागे ट्रेलर नसेल तर तो लागू शकत नाही. करंट जाणार कुठे?

ट्रेलर तेव्हा घरी नव्हता. जुनी गाडी विकण्याआधी भाऊजींनी तो जनरेटरसकट एका रुग्णालयात सोडला होता.

भाऊजी आत बसले. किल्ली फिरवली. डावा इंडिकेटर दिला.

टक... टक... टक...

हिरवा दिवा मिचमिचत होता.

ते खाली उतरले. सॉकेट पाहिलं. नवं कोरं, कोरडं, रिकामं. वायरी पुन्हा तपासल्या. कुठे काही चिकटलेलं नाही. मग मीटर आणला.

डाव्या पिनेतून एका बल्बएवढा करंट जात होता. उजवीतूनही. पेडलवर वीट ठेवून ब्रेकचं मोजलं, तर दोन बल्बांचा.

सॉकेटच्या पुढे नुसती हवा होती.

त्यांनी मीटरची बॅटरी बदलली आणि पुन्हा मोजलं. तेच. मग ताईने चहाला हाक मारली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, मीटर बिघडलाय.

बुधवारी सकाळी ट्रेलर आणायला निघाले. ताईला वाटेत कापड घ्यायचं होतं, म्हणून तीही बसली.

पहिल्या सिग्नलला ताईनेच विचारलं, मागचा एवढा लांब का थांबलाय?

भाऊजींनी आरशात पाहिलं. मागची गाडी चांगली बारा-पंधरा फूट सोडून उभी होती. असेल कुणी नवशिका.

दुसऱ्या सिग्नलला मागे वेगळी गाडी होती... तीही तेवढंच अंतर सोडून उभी.

तिसऱ्याला टेम्पो. तोही तिथेच.

एरवी दोन गाड्यांमध्ये हातभर फट दिसली की स्कूटरवाले मुंगळ्यांसारखे घुसतात. त्या बारा फुटांत एकही चाक आलं नाही. सगळे वळसा घालून जात होते.

मग रस्त्यावर गतिरोधक आला.

धड्. पुढची चाकं.

धड्. मागची चाकं.

आणि जरा वेळाने... धड्.

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी समोर बघत राहिले.

रुग्णालयाच्या फाटकावर रखवालदाराने दांडा वर केला. पिकअप आत गेली. भाऊजींची नजर आरशातच होती. दांडा खाली आला नाही. एक, दोन, तीन, चार... मग सावकाश खाली आला.

भाऊजी गाडी थांबवून मागे चालत गेले. दांडा एवढा वेळ वर का धरलात, असं त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"तुमची ट्रॉली पूर्ण आत येऊ दिली, साहेब," रखवालदार म्हणाला. "वर आदळला असता ना दांडा."

मग त्याने पिकअपच्या मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आत्ता तर होती," तो म्हणाला, आणि खुर्चीत जाऊन बसला. पुन्हा त्याने भाऊजींकडे मान वर करून पाहिलं नाही.

जनरेटरचा ट्रेलर जोडला आणि सगळं सुरळीत झालं. परतताना मागच्या गाड्या नेहमीसारख्या नाकाला नाक लावून आल्या. गतिरोधकावर तीनदा धड् झालं, पण तेव्हा ते व्हायलाच हवं होतं. भाऊजींना वाटलं, सुटलो.

पण जनरेटरच्या धंद्यात एक गोम आहे. ट्रेलर सोडून आलं की परत रिकामंच यावं लागतं. आणि दर वेळी रिकामं परतताना... मागे ते बारा फूट असायचेच.

आठ दिवस असेच गेले. ताईने त्या गाडीत बसणं सोडलं. भाऊजींचं जेवण कमी झालं. एका दुपारी ते शेडमध्ये पिकअपमागे हात पुढे करून, आंधळी कोशिंबीर खेळावी तसे चालत गेले. हाताला काही लागलं नाही. ताईने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा रडू आलं, असं ती सांगते.

नवव्या दिवशी भाऊजी गाडीच्या जुन्या मालकाकडे गेले.

तो फर्निचरवाला. मोठं दुकान, बोलायला गोड माणूस. कपाटं पोचवायला ट्रेलर वापरायचा. भाऊजींना बघून हसला, गाडीचं विचारलं, पाणी दिलं. भाऊजी म्हणाले, गाडी छान आहे, मागच्या वायरी तेवढ्या जोडून घेतल्या.

त्याचं हसू गेलं.

उठून त्याने दुकानाचं दार लोटलं. मग हळूहळू सांगायला लागला. ट्रेलर जुना झाला म्हणून त्याने भंगारात दिला होता. डोळ्यांदेखत कापलेला, तुकडे तराजूवर चढलेले. आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे लोक अंतर सोडून थांबायला लागले. महिनाभर त्याने सहन केलं. मग हुक आणि सॉकेट काढून टाकलं, वायरी कापल्या.

भाऊजींनी विचारलं, मग थांबलं का?

फर्निचरवाला टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करत होता.

"दिसायचं थांबलं," तो म्हणाला.

भाऊजींना तेवढं पुरेसं होतं. वायरी कापल्यावर त्याने आठवड्याभरात गाडी का विकली, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. निघताना मात्र त्या माणसाने त्यांचा हात धरला आणि विचारलं, तुम्ही संध्याकाळी चालवता का गाडी? भाऊजी म्हणाले, काम असेल तेव्हा चालवतो. त्याने हात सोडला आणि आत निघून गेला.

घरी येऊन भाऊजींनी पाचही वायरी कापल्या. टेप लावली. किती वेढे घेतले ते त्यांनी मोजलं नाही, पण अख्खं रीळ संपलं.

आणि खरंच, सगळं थांबलं.

सिग्नलला गाड्या खेटून उभ्या राहिल्या. फटीत स्कूटर घुसली. मागच्याने घाई करत हॉर्न वाजवला, तर भाऊजींनी त्याला खिडकीतून हात जोडून नमस्कार केला. घरी येऊन ताईला म्हणाले, झालं एकदाचं. त्या दिवशी पोटभर जेवले.

चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ते जनरेटर सोडून रिकामे परतत होते. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता. दिवस बुडालेला, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. पुढे एक गाय आडवी आली, म्हणून त्यांनी वेग कमी केला. आरशात एका स्कूटरचा दिवा दिसत होता. चांगला लांब होता.

आणि मग... आवाज.

पत्र्यावर लोखंड आदळावं तसा. काच फुटल्याचा. आणि एक छोटी, अर्धवट किंकाळी.

पिकअपला धक्कासुद्धा बसला नव्हता.

भाऊजी धावत मागे गेले. पिकअपपासून बारा फुटांवर स्कूटर आडवी पडली होती. पुढचं चाक दुमडून पायदानाला टेकलेलं. बाजूला एक बाई बसली होती, डावा हात पोटाशी धरून. अंगात नर्सचा पोशाख. ड्युटीवर निघालेली. हेल्मेट होतं म्हणून वाचली.

रस्ता मोकळा होता. खड्डा नाही, दगड नाही, काही नाही. गाय केव्हाच निघून गेली होती.

भाऊजींनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि रुग्णालयाकडे निघाले. ती कळवळत होती, पण शुद्धीवर होती. थोडं अंतर गेल्यावर तिने डोळे मिटूनच विचारलं.

"दादा, ट्रेलरला मागे लाइट लावत नाही का हो तुम्ही?"

भाऊजींची नजर आरशाकडे गेली.

"एकदम समोर आला," ती म्हणाली. "अंधारात दिसलाच नाही."

आता भाऊजींना कळलं, आपण काय करून बसलोय, आणि फर्निचरवाल्याने संध्याकाळचं का विचारलं. दिवसा नाहीसं झाल्यासारखं वाटलं, तरी वायरी कापल्याने ते गेलं नव्हतं. फक्त त्याचे दिवे विझले होते. आणि या क्षणी ते मागे होतं. अंधार वाढत होता. आरशात एकामागून एक दिवे जवळ येत होते.

त्यांनी पिकअप अगदी कडेला घेतली. धोक्याचे चारही दिवे लावले. खिडकीतून हात बाहेर काढून, मागच्यांना लांब राहा, लांब राहा असं खुणावत, बैलगाडीच्या वेगाने तीन किलोमीटर काढले. लोक शिव्या देत पुढे गेले. घामाने सीट भिजली. ते सांगतात, आयुष्यात इतका लांब रस्ता पाहिला नाही.

नर्सचं मनगट मोडलं होतं. बाकी निभावलं. पोलिसांनी नोंद केली, स्कूटर घसरली. तिनेही पुढे वाद घातला नाही. पिकअपच्या मागे काही नव्हतं, हे तिला सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिला पटलं.

पोलिसांनी भाऊजींना घरी जा म्हटलं, तर ते गेले नाहीत. रुग्णालयाच्या आवारात, दिव्याखाली गाडी लावून, दाताने टेप तोडत त्यांनी पाचही वायरी पुन्हा जोडल्या. एक जोड तीनदा करावा लागला.

मग आत बसून इंडिकेटर दिला.

टक... टक... टक...

हिरवा दिवा मिचमिचला. भाऊजींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो दिवा पाहून आपल्याला हायसं वाटलं, याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

ताई म्हणाली, विकून टाका. भाऊजी म्हणाले, घेणाऱ्याला काय सांगू? ताई म्हणाली, मग भंगारात द्या. भंगारात दिलेल्या एका वस्तूचं काय झालं, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हापासून पिकअप त्यांच्याकडेच आहे. ट्रेलरशिवाय ते ती शक्यतो बाहेर काढत नाहीत. रिकामं परतावंच लागलं तर दिवसाउजेडी, आणि निघण्याआधी प्रत्येक वायर तपासून. मागचे लोक अंतर सोडून थांबतात. भाऊजींना आता त्याची सवय झाली आहे. निदान ते तसं म्हणतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी शेडमध्ये डोकावलो, तर ते पिकअपमध्ये बसून इंडिकेटर देत होते. उजवा दिला. हिरवा दिवा मिचमिचला.

डावा दिला.

टक... टक... टक...

हिरवा दिवा लागला नाही.

मी म्हटलं, वायर सुटली असेल. त्यांनी मान हलवली. रविवारपासून तपासत होते. वायर, फ्यूज, सॉकेट, सगळं बरोबर होतं. डाव्या पिनेवर विजेचा पूर्ण दाब येत होता. गाडीच्या बाजूने काहीच बिघडलेलं नव्हतं.

"बल्ब गेलाय," भाऊजी म्हणाले.

ते खाली उतरले. खिशातून एक नवा बल्ब काढला, खोक्यातून बाहेर घेतला, शर्टाला पुसला. आणि पिकअपच्या मागे, त्या मोकळ्या बारा फुटांच्या टोकाशी, बल्ब हातात धरून नुसते उभे राहिले.

मला त्यांच्या जवळ जायचं धाडस झालं नाही.