घशातली ओहोटी

कानेलो बेटावर जायचं होतं ते बटाट्यांसाठी. आतून जांभळे, बोटासारखे लांबट, उकडले की ओल्या मातीचा वास सोडणारे ते बटाटे आसपासच्या बेटांत आता एकाच घरी उरले होते. ते घर त्रान्सितो आत्यांचं. आणि आत्या मंगळवारच्या लाँचने बेट सोडून कायमच्या लेकाकडे, कास्त्रोला निघाल्या होत्या. यास्नानं कॉलेजात चार वर्षं ज्या जुन्या वाणांचा अभ्यास केला, त्यातला हा शेवटचा. पेरणीचे दिवस सुरू झाले होते. बियाण्याचं पोतं तिथेच राहिलं तर सडणार, नाहीतर निरोपाच्या जेवणात उकडलं जाणार!

घरची मोटरबोट इंजिन बिघडून किनाऱ्यावर उलथी पडलेली. यास्नाचा नवरा इटालो दूर दक्षिणेला मत्स्यशेतीच्या पाळीवर. उरल्या त्या त्यानं बंद पडलेल्या एका विश्रामगृहाकडून आणलेल्या दोन कयाक. यास्ना आणि तिची नणंद उल्दा हिवाळाभर घरासमोरच्या शांत खाडीत सराव करत होत्या. मुद्दाम उलटायचं, बसायचं भोक झाकणारा कमरेचा रबरी पडदा पाण्याखाली सोडवून बाहेर यायचं, दुसरीच्या आधारानं पुन्हा चढायचं. पण खाडीबाहेर, वाहत्या पाण्यात, ही पहिलीच खेप होती.

गुरुवारी यास्नानं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक समोर ठेवून बेत आखला. वाटेत 'घसा' लागायचा. त्यांचं बेट आणि कानेलो यांच्यामधला तो अरुंद पट्टा. ओहोटीला सगळ्या खाड्यांचं पाणी त्यातून दक्षिणेला, उघड्या आखाताकडे धावायचं. त्यातून उधाणाचे दिवस. पार करायची वेळ एकच : ओहोटी संपून भरती लागण्याआधी पाणी क्षणभर थबकतं ती. कोष्टकात रविवारी दहा अठ्ठेचाळीस. म्हणजे पावणेनऊला निघायचं, साडेदहाला घशाच्या तोंडाशी. कागद प्लास्टिकमध्ये घालून तिनं कयाकच्या पाठीवर बांधला.

रविवारी न्याहारीला सासरे, बाउदिलिओ बाबा, शेगडीवर 'माते' या पाल्याच्या चहासाठी पाणी तापवत होते. यास्नानं भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, घड्याळाचा सेल बदला हो. साडेसात दाखवतंय. माझ्या मोबाइलवर साडेआठ झालेत."

"ते मागं पडत नाही," एवढंच म्हणून बाबांनी लाकूड आत सारलं.

अकरा महिन्यांच्या लेकीला, रायेनला, दात येत होते. त्या आठवड्यात यास्नाला सलग दोन तासही झोप मिळाली नव्हती. उजाडताना पोरीला पाजून तिनं बाबांकडे दिलं होतं. आता वाळूवर उभी राहून ती चौथ्यांदा सामान मोजत होती.

"दोन थर्मास, तीन टोप्या, जादा वल्हं, वारा अडवायची अंगभर पिशवी, शिट्टी..."

"वहिनी, बटाटे आणायला चाललोय की तिथं संसार मांडायला?" उल्दा म्हणाली. बारा वर्षं समुद्रशेवाळ गोळा करणारी, थंडीला न जुमानणारी बाई. "चूल तेवढी राहिली बघ."

"पाणी अकरा अंशांवर आहे. हसू नकोस."

बाबा पाण्याच्या कडेला रायेनला कडेवर घेऊन उभे होते. "सूनबाई, आत्ताच निघता? पाणी अजून बरंच उतरायचंय गं."

यास्नानं कागद दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून तो पाहिला, मग मान हलवली. "तू शिकलेली आहेस. लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल."

निघाल्या! सकाळ लख्ख होती. पाठीमागून ओहोटी ढकलत होती, समोरून दक्षिणेचा गार वारा. हा वारा म्हणजे चांगल्या हवेचा, असं अख्खी बेटं मानतात. टेकड्यांवरचं गवत हिरवंगार, मधूनच एखाद्या घराचा धूर, आणि पुढे उल्दाची लाल कयाक पाणपक्ष्याच्या डोक्यासारखी वरखाली होत जात होती. यास्नाला पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याला जमेल. फक्त एक गोष्ट तिला टोचत होती. रायेनला उजाडताना पाजलं की साडेदहापर्यंत तिची छाती दाटून दुखायला लागायची. रोज. आज मोबाइलवर दहा वीस झाले तरी काहीच नव्हतं. भीतीनं दूध आटतं म्हणतात. आटलं की काय?

घशाच्या तोंडाशी, त्यांच्या बाजूच्या किनाऱ्यावर, मासे कोंडायला बाबांच्या आजोबांनी रचलेला दगडी बांध होता. ओहोटी संपताना तो बुडापर्यंत कोरडा पडतो, हे यास्नानं कागदावरच टिपलं होतं. ती थांबली. बांधाचा निम्मा भाग पाण्यात होता! शेवाळाच्या लांब पट्ट्या वर तरंगत नव्हत्या. कंगव्यानं विंचरल्यासारख्या दक्षिणेकडे आडव्या ताणल्या गेल्या होत्या.

"उल्दा! थांब! पाणी वाहतंय अजून!"

उल्दा साठ हात पुढे गेली होती. वाऱ्यात काही ऐकू गेलं नाही. यास्नानं शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, तीनदा. उल्दानं वळून पाहिलं, आणि तेवढ्यात तिची कयाक ओहोटीच्या जिभेवर गेली.

दक्षिणेला धावणारं पाणी, दक्षिणेकडूनच येणारा वारा. दोघांची जिथं टक्कर होत होती तिथं लाटा जागच्या जागी उभ्या होत्या! लाल कयाक एका लाटेवर चढली, नाक खाली गेलं, आणि क्षणात फक्त तिचं पांढरं पोट दिसायला लागलं.

यास्नानं मोजलं. एक. दोन. तीन. चार. डोकं वर आलं!

कागदावर तिनंच लिहिलं होतं : घशात कुणी एकटं राहणार नाही. पण कागदावर रायेन नव्हती. यास्नाच्या हातातलं वल्हं एक श्वासभर हललं नाही. किनारा अगदी डावीकडे, हात लावावा इतका जवळ.

मग तिनं वल्हं घातलं.

पाण्यानं तिला उचलूनच नेलं. लाट छातीवर फुटली. डोळ्यांत मीठ! एक झोका उजवीकडे, वल्ह्याचा टेकू, पुन्हा सरळ. उल्दानं कयाक सोडली नव्हती. वल्हं मात्र गेलं होतं.

"वहिनी, तू कशाला आलीस!"

"गप्प बस आणि माझ्या कयाकच्या नाकाला धर! नाकाला, हाताला नको!"

हिवाळाभराचा सराव कामी आला. तिनं लाल कयाकचं नाक स्वतःच्या मांडीवर ओढलं, पाणी सांडलं, कयाक सुलटी केली आणि आपल्या कयाकला बाजूनं घट्ट आवळून धरली. "पाय मार! पालथी पडून चढ! चढ म्हणते ना!" पहिल्यांदा उल्दा घसरली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा यास्नानं तिच्या जॅकेटचा पट्टा धरून तिला ओल्या पोत्यासारखं वर खेचलं.

तोवर घसा मागे पडला होता. दोघी उघड्या आखाताकडे वाहत होत्या. यास्नानं जादा वल्हं उल्दाच्या हातात कोंबलं. पुढे, थोडं डावीकडे, पाणकावळ्यांनी पांढरा केलेला एक खडक. त्याच्या पाठीमागे पाणी काळं आणि गुळगुळीत होतं.

"किनाऱ्याकडे मारू नकोस, दम जाईल! तिरकी राहा! खडकाच्या पाठीला!"

मारलं. मारलं. हात पेटले. खडक झरझर जवळ आला, आता बाजूनं निसटून जाणार, आणि कुणीतरी लगाम खेचावा तशा दोन्ही कयाक गपकन थांबल्या. खडकाच्या आडोशात!

एका समुद्रसिंहानं भुंकून जागा सोडली. तिथल्या उतरत्या कपारीवर यास्नानं उल्दाला वारा अडवणाऱ्या पिशवीत घातलं, दोन टोप्या एकावर एक चढवल्या, थर्मासचं झाकण तोंडाला लावलं. उल्दाचे दात इतके वाजत होते की गरम माते हनुवटीवर सांडत होता.

"तिसरी... टोपी पण दे," ती म्हणाली. "चेष्टा... मागे घेतली."

यास्नानं जॅकेटला बांधलेला बिनतारी रेडिओ उघडला. बाबांनी पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. ते घरी रेडिओपाशीच बसून होते. तिनं सगळं सांगितलं. आवाज नीट राहावा म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबत सांगितलं. "बाबा, अकरा वाजले. पाणी केव्हाच थांबायला हवं होतं. कोष्टकच चुकलंय."



"सूनबाई, माझ्या भिंतीवर दहा वाजलेत."

यास्नानं मोबाइल पुन्हा पाहिला. अकरा.

"काल रात्री सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली. उन्हाळी वेळ. तुझा मोबाइल आपोआप उडी मारून गेला. कोष्टक हिवाळी वेळेत छापतात, आणि मी माझं घड्याळ कधी बदलत नाही. सकाळी पाणी मला दिसत होतं गं. कागदासमोर मी तोंड मिटलं. चूक माझी आहे."

"आपल्या दोघांची," ती म्हणाली.

"दहा अठ्ठेचाळीस तुझं बरोबर आहे. पण माझ्या भिंतीवरचे. पाऊण तास हलू नका."

त्या हलल्या नाहीत. साडेअकराच्या सुमारास यास्नाची छाती अचानक दाटून आली, दुखायला लागली, आणि ओल्या कपड्यांत दोन गरम डाग पसरले. उजाडल्यापासून आत्ता कुठे चार तास भरले होते! ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि उल्दानं पिशवीतून एक हात काढून तिचा पाय धरून ठेवला.

मग घसा थांबला. तासापूर्वी जिथं लाटा भिंतीसारख्या उभ्या होत्या, तिथं आता तेल ओतल्यासारखं सपाट पाणी. समोर कानेलो. आत्यांच्या धुराड्याचा धूर सरळ वर चालला होता.

"चल वहिनी. धूर दिसतोय बघ. एवढं मरून आलो ते बटाट्यांसाठीच ना?"

यास्नानं नणंदेच्या ओठांकडे पाहिलं. अजून निळसर. बोटं मिटत नव्हती. कानेलोच्या या बाजूला नुसता कडा. उतरायची जागा पलीकडे, वाऱ्याच्या तोंडावर, तासाची वल्हवणी. उलट लागणारी भरती त्यांना अलगद दगडी बांधाशी नेणार होती.

"नाही. बांधाकडे."

"आणि वाण?"

"वाण गेला तर मी जन्मभर हळहळेन. तू गेलीस तर नुसतं हळहळून भागेल का?"

उल्दानं कयाक बांधाच्या दिशेनं वळवली.

शेजाऱ्याची गाडी घेऊन बाबा बांधाशी थांबले होते, ब्लँकेटं आणि रायेनसकट. पोर आईच्या खारट मानेला तोंड लावून रागावली, मग भुकेनं लुचायला लागली. तेवढ्यात बाबांच्या खिशातला रेडिओ खरखरला.

"बाउदिलिओ! तुझ्या सुनेला सांग, सगळं ऐकलं मी. अर्ध्या बेटांनी ऐकलं!" त्रान्सितो आत्यांचा आवाज. "मी कास्त्रोला चालले, माझी जमीन चालली नाही. पोतंच्या पोतं उद्या परसात लावून जाते. उन्हाळा सरला की मार्चमध्ये खणायला या म्हणावं. आणि उधाणाला नको, पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा, भांगाला या. घड्याळ विचारून या!"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबा स्टूल ओढून भिंतीपाशी गेले आणि घड्याळ उतरवायला त्यांनी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काटे तासभर पुढे करणार होते.

"बाबा, त्याला हात लावू नका," यास्ना म्हणाली. "समुद्राचं घड्याळ आहे ते."

तिनं मार्चसाठी कोरा कागद घेतला. पहिली ओळ लिहिली : 'निघण्याआधी बाबांना विचारणे.' वाचून पाहिलं, आणि खाली आणखी एक जोडली : 'ते गप्प बसले, तर पुन्हा विचारणे.'