मांडवातला सातवा

२००७च्या मे महिन्यात गुलशनचं लग्न निघालं आणि देवरीच्या आमच्या शाळेतला एकही मास्तर घरी थांबला नाही. गुलशन शेजारच्या वर्गावरचा, गोंड समाजाचा, वर्षभर रीनापायी वेडा झालेला. तो सहा देवांचा, ती सात देवांची. त्यांच्यात लग्नाआधी कुळाचे देव किती, हेच बघतात. आकडा सारखा निघाला तर दोघं भाऊबहीण ठरतात आणि लग्न मोडतं. आम्ही बौद्ध. मला या हिशोबाची गंमत वाटायची, पण गुलशन माझा जिवाचा दोस्त होता.

सकाळी त्याचे काका इतवारी यांनी ऐनाच्या झाडावरून देवांची घागर उतरवली. त्यांच्यात लग्न नवऱ्याच्याच दारी लागतं, आणि त्या दिवशी देवांना आंघोळ घालायची रीत. बोटभर लांबीचे लोखंडी देव बाहेर निघाले. काकांनी मोजले. परत मोजले. डफवाले थांबले.

सात होते.

पोरांनी खिळा टाकला असेल, असं मी म्हणून पाहिलं. पण सातही सारखेच जुने, सारखेच झिजलेले. उपरा कोणता, हे काकांनाही सांगता येईना. हळद लावलेली रीना मांडवाची मेढ धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

काकांनी देव घागरीत भरून ती माझ्यापुढे सरकवली.

"गुरुजी, तुमी मोजा. तुमचा यात कोनताच देव नाही. तुमी कायले खोटं बोलसान?"

मी खोटं बोललो. पोरांचे खडू लपवून त्यांना हसवायची माझी जुनी सवय, ती हातचलाखी कामी आली. एक देव तळव्यात दाबून खिशात सोडला आणि मोठ्यानं म्हणालो, "सहा."

मांडव दणाणला. गुलशननं मला उचललंच. मीही नाचलो, अगदी वाईट नाचलो. एवढा आनंद मला खरं बोलून कधी झाला नव्हता.

दुपारी लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि काका घागर टांगायला निघाले. मीही सोबत गेलो. आता खिशातला देव हळूच परत टाकायला हरकत नव्हती.

झाडाखाली काकांनी घागर हातावर तोलली.

"आज लयच हलकी लागून राहिली," ते हसून म्हणाले. "देवबी नाचाले गेले वाट्टे."

मीही हसलो आणि खिशात हात घातला.

एक लागला.

त्याच्याशेजारी दुसरा.

मांडवात डफ जोरात चालू होता. पाचपर्यंत मोजून मी बोटं आखडून घेतली.

सहावा आपणहून येऊन टेकला.