तोलात न बसलेली सोनकी

कुंभेखोऱ्याच्या राखीव जंगलात यंदा मध किती काढायचा, हिरडा किती वेचायचा, हे आता साहेब ठरवत नसत. रान ठरवायचं. निदान तसं म्हणायची पद्धत पडली होती. झाडांची मुळं जमिनीखाली बुरशीच्या बारीक जाळ्यानं एकमेकांना जोडलेली असतात. त्या जाळ्यातून अन्न फिरतं, दुष्काळाचे, किडीचे इशारेही फिरतात. शास्त्रज्ञांनी त्यात सुईएवढे संवेदक पेरले होते. रानाला काय मिळालं आणि रानातून काय गेलं, याचा हिशेब यंत्र सतत मांडायचं. त्याला नाव दिलं होतं 'तोल'.

सोय चांगलीच होती, खोटं कशाला बोला? ठेकेदारांची कुऱ्हाड थांबली होती. पण जंगल राखीव झालं तेव्हा कातकऱ्यांची वाडीच उठवायची, असं घाटत होतं. सुनावणीत वाडीतली सगुणा हिलम उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही रानात पाव्हणे नाय. भेकर, सांबर, तसेच आम्ही. रानाचेच."

तोलानं ते खरं मानलं. फळ खाल्लं की बी काठीनं जमिनीत खोचायची वाडीची रीत होती, आणि उतारावरची निम्मी नवी झाडं त्या रितीतून उगवली होती. वाडी राहिली, लोक रात्रभर नाचले. जो रानाचा जीव झाला त्याची संख्याही रानच ठरवणार, हे कुणाच्याच टाळक्यात शिरलं नाही.

पुढं उन्हाळे कडक होत गेले, फुलोरा घटला. सगुणा दुसऱ्यांदा गरोदर राहिली, आणि तोल सांभाळणाऱ्या डॉ. मैथिली रिसबूड तिच्या अंगणात येऊन बसल्या.

"सगुणाताई, बाळ आलं की वाडीत एक माणूस जास्त होईल. एकाला बाहेर जावं लागेल."

"कोणाला?"

"सोनकीला."

सोनकी तिची थोरली पोर, तालुक्याच्या आश्रमशाळेत शिकणारी. सगुणाला आधी हसूच आलं.

"ती असते कुठं इथं? सुट्टीत येते फक्त."

"म्हणूनच. ती बिया खोचत नाही. तिच्यावाचून रानाचं काही अडत नाही."

ओसरीवर बसलेला सासरा लाडक्या खाकरला. "मला काढा. माझ्या गवऱ्या तशाही मसणात गेल्यात."

मैथिलीबाईंनी पडद्यावर त्याचं नाव वगळून पाहिलं आणि मान खाली घातली. "बाबा सगळ्यात जास्त बिया लावतात. ते गेले तर रान पोसेल ती संख्याच घटते, आणि दोघं जास्त होतात."

"आणि आम्ही रानाचे नाय, असं सांगितलं तर?"

"मग संख्येचा नियम लागणार नाही. पण मग अख्खी वाडी उठेल."

सगुणानं शेजारच्या घरांकडं पाहिलं. दारात उभी असलेली माणसं एकेक करून आत गेली. तिला त्यांचा राग आला. आपणही हेच केलं असतं, हे उमगून जास्तच आला.

"तिला शहरात चांगलं आयुष्य मिळेल, ताई," मैथिलीबाई म्हणाल्या.

"मग तुमची पोर का नाय पाठवत आईपासून लांब?"

मैथिलीबाई उठल्या. यंत्राला तो प्रश्न कुणी शिकवला नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत सोनकी रानाच्या फाटकाशी आली. वाडीच्या यादीत आता तिचं नाव नव्हतं. रखवालदार भला माणूस. त्यानं तिला पर्यटकांचं नारिंगी जाकीट घालून दिवस मावळेपर्यंत आत सोडलं आणि पर्यटकांचा नियमही सांगितला: रानातलं काही तोडायचं नाही, काही खायचं नाही.

पोटुशी सगुणा तिला न्यायला आली होती. दोघी वाडीची वाट चढू लागल्या. वाटेत करवंदं काळीभोर पिकली होती. बोलता बोलता सोनकीचा हात जाळीत गेला, आणि तिथंच थांबला.

"आई, एक खाऊ?"

सगुणानं पोरीचा हात धरून हळूच जाळीबाहेर काढला.

"नको," ती म्हणाली.