आपण म्हणजे कोण?

वसतिगृहाच्या खानावळीत पोह्यांचं पातेलं रिकामं झालं होतं आणि टेबलावरचे सगळेजण नेतृत्व करत होते. कोणी म्हणालं, मी सुचवतो की आत जाऊन सांगावं. कोणी म्हणालं, मी या सूचनेला पाठिंबा देते. प्रत्येकाच्या कॉलरवरचा बटणाएवढा नेतृत्वमापक हिरवा लुकलुकत होता. पोहे तेवढे येत नव्हते.

शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी विद्यापीठाने नेतृत्वविकासाचा उपक्रम काढला होता. हा मापक त्यांचं दिवसभराचं बोलणं ऐके आणि पुढाकार कोण घेतं, अंग कोण चोरतं ते ठरवी. सत्र संपलं की गटातला शेवटचा विद्यार्थी गळणार आणि बाकीचे महिनाभर लडाखच्या वेधशाळेत राहणार होते. ऊर्मिला नैतामचा जीव त्या वेधशाळेत अडकला होता. चंद्रपूरकडचं तिचं गाव खाणीच्या दिव्यांत न्हालेलं, त्यामुळे आकाशगंगा तिने फक्त चित्रात पाहिली होती. पण तिचा मापक कधी लुकलुकतच नव्हता. ती उठली आणि पोहे घेऊन आली, तेव्हाही नाही.

त्या दुपारी गटाने हवामानाचा फुगा सोडला आणि तो मैदानाकडेच्या चिंचेत अडकला. कैवल्य सबनीस हा पुण्याचा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याने छाती काढून जाहीर केलं, "आपण असल्या झाडाला घाबरत नाही," आणि दोर हिसडला. फुगा फाटायच्या बेताला आला.

"आपण दोर सैल करायचा," ऊर्मिला हळू आवाजात म्हणाली. "मग फांदी वाकवायची."

तिने दोराला हात घातला, पाठोपाठ सगळ्यांनी घातला, आणि फुगा सुटून डुलत वर गेला. मापक मात्र ढिम्म.

संध्याकाळी उपक्रमाच्या प्रमुख देवस्थळी मॅडमनी सत्राचे गुण वाचले. ऊर्मिला शेवटची होती. शेरा होता, 'स्वतः काम टाळून इतरांवर ढकलते.' कैवल्य पहिला, आणि शेरा, 'सर्वांना सोबत घेतो.' कैवल्यलाच आधी हसू फुटलं, कारण त्याने खोलीतल्या सोबत्याला कधी चहालासुद्धा सोबत घेतलं नव्हतं. हा शेरा आला कुठून, असं त्याने विचारलं. मॅडमनी पडद्यावर नोंदी उघडल्या आणि घोळ दिसला. यंत्र मराठी शिकलं होतं कार्यालयीन पत्रांवर आणि सभांतल्या भाषणांवर. हळू आवाजातला 'आपण' त्याला पत्रातला वाटे, म्हणजे 'तुम्ही'. मोठ्या आवाजातला वाटे भाषणातला, म्हणजे 'आपण सारे'.

चूक सुधारली तर तळाला कोण जाईल, हे कैवल्यला कळत होतं. त्यालाही लडाख हवंच होतं.

"मॅडम, माझ्या 'आपण'मध्ये मी एकटाच असतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तिच्या 'आपण'मध्ये आम्ही सगळे होतो."

यंत्राला नवा धडा मिळाला. शंका आली की अंदाज बांधायचा नाही, सरळ विचारायचं. गुण पुन्हा मोजले तेव्हा ऊर्मिला पहिली आली आणि कैवल्य, अपेक्षेप्रमाणे, शेवटचा.

दुसऱ्या दिवशी मॅडम निकाल सांगायला खानावळीत आल्या. तिथे आता जो तो 'आपण पोहे आणायला हवेत' म्हणत होता आणि पातेलं तसंच रिकामं होतं. ऊर्मिलाने ते उचललं. कैवल्य मुकाट उठून तिच्यामागे गेला. पातेलं भरून दोघं परतली, तेव्हा मॅडमनी निकालाचं वाक्य दोनदा सुरू करून अर्धवट सोडलं. गळतीचा नियम त्यांनीच केला होता.

ऊर्मिलाने आधी कैवल्यच्या ताटलीत पोहे वाढले आणि विचारलं, "मॅडम, लडाखला आपण कधी निघायचं?"

तिच्या कॉलरवरून मंजुळ आवाज आला, "आपण म्हणजे कोण?"

सगळे खो खो हसले. मग हसू ओसरलं आणि सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. यंत्राने पुन्हा विचारलं, "आपण म्हणजे कोण?"